कॅसेटीतला आवाज उतरवून घेण्यापूर्वी

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जेथे मराठवाड्याची हद्द वऱ्हाडाला भिडते, त्या कनेरगाव नाक्यातून व भोवतालच्या खेड्यांतून एकच पृच्छा निरनिराळ्या शब्दांत वारंवार होत असते. घरातल्या पेटीत वीस-तीस कॅसेटी पडून आहेत. काहींत हरिनाम सप्ताहातील कीर्तने व काल्याचे भजन आहे, काहींत आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या आहेत, एखादीत भीमजयंतीच्या रात्रीचा गायनाचा कार्यक्रम आहे. परंतु आज त्या लावून पाहिल्या असता आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा दबका येतो, मधूनच लहरतो, तेव्हा त्या कामातून गेल्या असे समजावे काय, आणि संगणकावर घेऊन त्या ‘साफ’ करून मिळतील काय, असा तो प्रश्न असतो.

याचे उत्तर लेखाच्या शेवटापर्यंत राखून ठेवण्याचे कारण नाही. चुंबकीय फितीवर एकदा उमटलेला स्वर, ती फीत उष्णता, ओल आणि चुंबक यांपासून बरी सांभाळली गेली असेल तर, तीस-चाळीस वर्षांनंतरही पुष्कळसा शाबूत असतो. जो बिघडलेला असतो तो बहुतेक वेळा वाजविणारा टेप असतो. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी यंत्र दुरुस्त, मग एकदाच परंतु नीट उतरवून घेणे, आणि ‘सफाई’ सर्वांत शेवटी व तीही नकलेवर. हा क्रम उलटा केल्यामुळेच अनेक घरांतील आवाज कायमचे पंगू झाले आहेत.

कोणती कॅसेट आधी?

सर्वच कॅसेटींवर सारखे श्रम खर्च करू नका. कंपन्यांनी छापील वेष्टनात विकलेल्या कॅसेटींतील गाणी, मग ती एचएमव्हीची असोत वा टी-सीरिजची, आज बहुधा मूळ मुद्रणावरून घेतलेल्या चांगल्या प्रतीत उपलब्ध असतात. तुमच्या कॅसेटीवरून त्याहून सरस काही निघणार नाही. अपवाद लहान स्थानिक कंपन्यांच्या कॅसेटींचा, ज्या पुन्हा कोणी काढल्याच नाहीत. दुसरा वर्ग दुकानातून ‘भरून’ आणलेल्या कॅसेटींचा. त्या नकलेची नक्कल असल्यामुळे त्यांना शेवटचा क्रमांक द्यावा. खरे धन तिसऱ्या वर्गात आहे. घरच्या टू-इन-वनवर किंवा मंडपातील डेकवर जे कोणी स्वतः भरून घेतले, त्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. त्यातही ज्यांचा आवाज आता ऐकू येणे शक्य नाही, त्या माणसांच्या कॅसेटी पहिल्याने हाती घ्या.

वर्गवारी करतानाच प्रत्येक कॅसेटीला क्रमांक द्या आणि वहीत नोंद करा : कोण गात आहे, पेटीला व पखवाजाला कोण आहे, गाव कोणते, साल कोणते, प्रसंग कोणता. ज्येष्ठ मंडळींना जवळ बसवून ही नोंद आजच करून घ्यावी. फीत आणखी काही वर्षे टिकेल. तिच्यातील आवाज कोणाचा हे सांगणारी माणसे तितकी टिकतील याची हमी कोणी द्यावी?

दोन्ही बाजूंच्या मागच्या कडेला असलेली प्लास्टिकची चौकोनी टिकली मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मूळ पुसले जाणार नाही.

लक्षणांवरून दोष ओळखावा

- आवाज दबका, स-श-च हे वर्ण बोथट, टाळांची किणकिण नाहीशी : हेडवर मळ बसला आहे किंवा हेड तिरके झाले आहे. फीत बहुधा निर्दोष असते.
- सूर लहरतो, पेटीचा लांबविलेला स्वर थरथरतो : आतील रबरी पट्टा सैल पडला आहे, किंवा फीत ओढणारे रबरी चाक कडक व गुळगुळीत झाले आहे.
- आवाज मध्येच विरतो व परत येतो : फीत चुरगळली आहे, किंवा कॅसेटीच्या तोंडाशी फितीला हेडवर दाबून धरणारी नमद्याची चकती गळून पडली आहे.
- मागे उलटे बोल ऐकू येतात : हेड वर-खाली सरकल्यामुळे दुसऱ्या बाजूचे मुद्रणही वाचले जात आहे.
- कीर्तनाखाली पुसट सिनेगीत ऐकू येते : जुनी कॅसेट पुन्हा भरताना आधीचे पुरते पुसले गेले नव्हते. हा दोष फितीतच आहे, त्याला इलाज नाही.
- शब्द उच्चारण्यापूर्वी क्षणभर त्याची पुसट चाहूल लागते : वर्षानुवर्षे न हलता पडून राहिलेल्या रिळात एका वेढ्याचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो. कॅसेट दोन-तीनदा पूर्ण पुढे-मागे फिरविल्यास हा ठसा काहीसा कमी होतो.

यंत्राची तजवीज

नवा म्हणून बाजारात स्वस्तात मिळणारा, संगणकाला वायरीने थेट जोडता येणारा कॅसेट प्लेयर या कामासाठी शक्यतो घेऊ नये. त्याची यंत्रणा हलकी असते, गती स्थिर राहत नाही, आणि त्याने बिघडविलेला सूर पुढे कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. त्यापेक्षा कोणाच्या घरी बंद पडलेला चांगल्या बनावटीचा जुना डेक असेल तर तो मिळवून नवा पट्टा बसवून घ्यावा. आणि ज्या टेपवर ती कॅसेट मूळ भरली गेली तोच टेप सुदैवाने घरात असेल, तर तो भंगारात देऊ नका. त्याचे कारण पुढे सांगतो.

हेड, त्याशेजारची चकचकीत पोलादी दांडी आणि फितीचा मार्ग यांवर साचलेली तांबूस भुकटी आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडविलेल्या कापसाच्या काडीने, काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसावी. रबरी चाकाला अल्कोहोल वारंवार लावल्यास रबर सुकून तडकते, म्हणून तेथे सौम्य साबणाच्या पाण्याने किंचित ओलसर केलेले फडके पुरे. पुरते वाळल्याखेरीज कॅसेट घालू नये. ज्याचे टोक लोखंडाची टाचणी उचलते असा स्क्रू ड्रायव्हर हेडजवळ नेऊ नका.

आता त्या गोष्टीकडे येऊ, जिच्यामुळे बहुसंख्य कॅसेटी ‘मेल्या’ असे घोषित होते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली लोकांपुढे आणलेल्या या कॅसेटीतील फीत ३.८१ मिलीमीटर रुंद असून ती सेकंदाला अवघी ४.७६ सेंटीमीटर सरकते. त्यामुळे दहा हजार आवर्तनांच्या बारीक स्वराची एक लहर फितीवर मिलीमीटरच्या पाच हजारांशांहूनही कमी जागेत बसते. हेडमधील फट फितीला काटकोनात नसून केसभर जरी कललेली असली, तरी अशा अनेक लहरी एकाच वेळी फटीखाली येऊन परस्परांना मारतात, आणि टाळांचा झणत्कार व गायकाच्या ओठांवरचे सूक्ष्म वर्ण नेमके तेवढेच गळून पडतात. ज्या टेपवर ती कॅसेट भरली गेली त्याचे हेड ज्या कोनात कललेले होते, त्याच कोनात आजच्या टेपचे हेड आले पाहिजे. मूळ टेप जपून ठेवा असे म्हटले ते याचसाठी.

मूळ टेप नसल्यास हे असे साधावे. कॅसेट चालू असताना हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू दिसतो, बहुतेक टेपमध्ये झाकणात त्यासाठी छिद्रही असते. स्क्रूची आरंभीची स्थिती रंगाच्या ठिपक्याने खुणावून ठेवा. मग डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून, म्हणजे मोनो करून, हेडफोनवर ऐकत स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आतच, इकडे-तिकडे फिरवावा. ज्या ठिकाणी टाळ सर्वांत लख्ख आणि ‘स’ सर्वांत स्पष्ट होतो, तेथे थांबावे. कालपर्यंत भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटणारा आवाज एवढ्याने समोर येऊन बसतो. एका टेपवर भरलेल्या सर्व कॅसेटींना हीच जागा लागू पडते. दुसऱ्या टेपवरच्या कॅसेटी आल्या की ती नव्याने शोधावी लागते.

डेकवर डॉल्बीचे बटण असते. खरखर कमी होते म्हणून ते चालू करण्याचा मोह होतो. परंतु जी कॅसेट डॉल्बीत भरलीच नव्हती, आणि खेड्यातील घरगुती कॅसेट ती जवळजवळ कधीच नसते, तिच्यावर ते केवळ आवाज मंद करते. ते बंदच ठेवा. क्रोमचे बटणही साध्या कॅसेटीस लावू नये.

फितीची स्वतःची दुखणी

कॅसेटीच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा तंतू दिसल्यास ती बुरशी आहे. ती कॅसेट कोणत्याही यंत्रात घालू नका, कारण एकीची बुरशी हेडवाटे दहांना लागते. अशी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात काही दिवस कोरडी होऊ द्यावी, मग नाकातोंडाला फडके बांधून, उघड्यावर, मऊ ब्रशाने साफ करावी. उन्हात वाळविणे सर्वथा वर्ज्य. वैशाखात पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटीचे कवच वाकडे होते आणि फीत आतल्या आत अडकते.

फीत तुटली असल्यास सेलोटेपने जोडू नका. त्याचा चिकटा उन्हाळ्यात पाझरून शेजारच्या वेढ्यांना धरतो. फितीच्याच रुंदीची जोडपट्टी स्वतंत्र मिळते, तीच वापरावी आणि ती फितीच्या पाठीला लावावी. चकती गळली असेल किंवा कवच वाकले असेल, तर पाच स्क्रूंच्या एखाद्या निरुपयोगी कॅसेटीचे कवच उघडून त्यात ही रिळे अलगद बसविता येतात. ज्यांचे कवच स्क्रूऐवजी चिकटवून बंद केलेले असते त्यांचे काम नवशिक्याने करू नये. सी-१२० म्हणजे दोन तासांच्या कॅसेटीतील फीत सी-६० च्या फितीपेक्षा निम्म्याच जाडीची असते; तिला जलद पुढे-मागे करताना विशेष सांभाळावे.

टाळ, पेटी आणि सेल

आमच्या भागातील भजनांच्या कॅसेटींना असे दोन विशेष आहेत, ज्यांचा उल्लेख शहरी मार्गदर्शनात सहसा आढळत नाही.

पहिला असा की, घरगुती टेपमध्ये आवाजाची पातळी आपोआप राखणारी योजना असे. टाळ एकदम कडाडले की ती योजना सर्वच आवाज खाली ओढी, आणि त्याबरोबर गायकाचा आवाजही दबे. टाळ थांबले की ती पुन्हा सर्व वर उचली, आणि शांततेतील खरखर व बायाबापड्यांची कुजबुज अंगावर येई. हे हेलकावे फितीवर कोरले गेलेले आहेत. ते सपाट करण्याच्या खटपटीत आवाज अधिकच कृत्रिम होतो, म्हणून ते तसेच राहू द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्या रात्री तो टेप ज्या रीतीने ऐकत होता, तीही त्या मुद्रणाची कैफियतच होय.

दुसरा विशेष गतीचा. वीज गेल्यावर, किंवा वीजच नसलेल्या मंडपात, टेप सेलवर चालविला जाई. सेल उतरत गेले की भरतेवेळी फीत हळू सरके, आणि आज ती योग्य गतीने वाजविली असता गायन उत्तरोत्तर चढे व उतावळे होत जाते. भजनातला बुवा अखेरीस बालकाच्या आवाजात गाऊ लागला, तर दोष त्याच्या गळ्याचा नव्हे, सेलचा आहे. हा दोष मात्र संगणकावर गती बदलून दुरुस्त होतो, आणि त्यासाठी प्रमाण आपल्या घरातच असते. पेटीचे सूर पितळी पात्यांचे असल्यामुळे भजन रंगले म्हणून ते चढत नाहीत. कॅसेटीच्या आरंभी बुवांनी काळी दोन धरली असेल आणि शेवटास तीच काळी तीन ऐकू येत असेल, तर फरक किती तो तुम्हांस नेमका कळला. तीच पेटी अद्याप देवळात असेल, तर कॅसेट लावून तिच्या शेजारी बसा आणि स्वर जुळवून पाहा. विजेवर भरलेल्या कॅसेटीत ध्वनिक्षेपकाची अखंड घरघर असेल तर तीही उपयोगी पडते. आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५० असल्याने ती घरघर ५० किंवा १०० वरच असली पाहिजे, कमीजास्त आढळल्यास गती चुकली.

उतरवून घेताना

डेकच्या मागील ‘लाइन आउट’मधून आवाज घ्यावा. केवळ हेडफोनचे छिद्र असलेल्या टू-इन-वनवरून घ्यावयाचा झाल्यास आवाज मध्यमाच्या खाली आणि खर्ज-तारेची बटणे मध्यावर ठेवा. लॅपटॉपचे माइकचे छिद्र या कामास योग्य नाही, ते बहुधा एकाच बाजूचे असते आणि आवाज फाडते. यूएसबीने जोडण्याचे लहान ऑडिओ इंटरफेस वापरावे. संगणकावर ऑडॅसिटी हा विनामूल्य प्रोग्राम पुरेसा आहे.

- कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वेढे समान बसतील.
- ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्या. एका तासास सुमारे १ जीबी जागा लागते.
- सर्वांत मोठ्या आवाजाला मापक उणे ६ डेसिबलच्या आसपास राहावा. शून्याला टेकला की तेथील आवाज फाटतो आणि तो परत सांधता येत नाही.
- बाजू अखंड घ्या. प्रत्येक अभंगाचे तुकडे नंतर नकलेवरून करावेत.
- स्वतः बसून ऐका. कॅसेट लावून शेतावर निघून जाऊ नये. टेपने फीत खाल्ली तर पहिल्या क्षणीच बंद करता आली पाहिजे.

एमपी३ ही वाटपासाठी ठीक आहे, जतनासाठी नव्हे. मूळ फाईल दोन निरनिराळ्या डिस्कवर, आणि शक्य तर दोन निरनिराळ्या घरांत ठेवा. व्हॉट्‌सॲपवर पाठविलेली प्रत ही जतन केलेली प्रत आहे असे कृपया समजू नका. आणि काम झाले म्हणून कॅसेट टाकूनही देऊ नका. ती पूर्ण गुंडाळून, डबीत उभी, स्पीकरपासून दूर ठेवावी.

सफाईविषयी थोडेच सांगावयाचे आहे. कॅसेटीची खरखर ज्या उंच स्वरपट्ट्यात असते, त्याच पट्ट्यात टाळ, चिपळ्या आणि ‘श’कार वसतात, यंत्र त्यांच्यात भेद करू शकत नाही. ओव्यांच्या कॅसेटीतली जात्याची घरघर तर त्याला निव्वळ कचराच वाटते, वास्तविक ओवीची लय तीच धरून असते. म्हणून सफाई करावयाची तर हलक्या हाताने, आणि मूळ फाईलला कदापि स्पर्श न करता.

काम बाहेर दिल्यास

हिंगोली, वाशीम, अकोला किंवा नांदेड येथे काम देताना प्रथम एकच कमी महत्त्वाची कॅसेट देऊन पाहा. दुकानदारास विचारा : हेडचा कोन प्रत्येक कॅसेटीस जुळविता काय? न साफ केलेली मूळ फाईलही देणार काय? या दोन प्रश्नांना ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडे आजीच्या ओव्या सोपवू नका. पावतीवर कॅसेटींची संख्या व क्रमांक, फाईलचे स्वरूप, मुदत, रक्कम आणि ‘मूळ कॅसेटी परत’ हे शब्द लिहून घ्यावेत. कॅसेटी गहाळ झाल्या किंवा काम बिघडविले, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये ती सेवेतील त्रुटी ठरते. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. मात्र हरवलेल्या आवाजाची किंमत कोणताही आयोग ठरवू शकणार नाही, म्हणून पावतीपेक्षाही निवड अधिक काळजीने करावी.

आवाज कोणाचा, हक्क कोणाचा

स्वतःच्या ऐकण्यासाठी कॅसेटीची नक्कल करण्यास हरकत नाही. वैयक्तिक उपयोगाची मोकळीक कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये दिलेली आहे. प्रश्न येतो तो यूट्यूबवर चढविण्याचा किंवा विकण्याचा. ज्ञानोबा-तुकोबांचे, किंवा ज्यांचे नरसी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे त्या नामदेवांचे अभंग कोणाच्याही मालकीचे नाहीत; परंतु ते गाणाऱ्या बुवांचा आपल्या गायनावर स्वतंत्र हक्क असतो, आणि तो प्रयोगाच्या पुढील वर्षारंभापासून ५० वर्षे चालतो. १९९६ साली झालेल्या कीर्तनाबाबत तो २०४६ अखेरपर्यंत आहे. आधुनिक कवींच्या रचनांवर त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतो; २००४ साली निवर्तलेल्या वामनदादा कर्डकांची गीते त्यामुळे २०६४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. भजनाला सिनेमातल्या गाण्याची चाल लावलेली असेल, आणि आपल्याकडे ती सर्रास लावीत, तर यूट्यूबवर चालीच्या मालकाचा दावा येऊ शकतो. बुवा हयात असल्यास त्यांची, नसल्यास घरच्यांची लेखी संमती घ्या. तिच्यात प्रसंग, तारीख आणि कोठे प्रसिद्ध करणार हे नमूद असावे. ओव्या म्हणणाऱ्या बाईंनाही हाच नियम लावा. हेमा राइरकर व गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचे जे संकलन झाले, ते आज गाणाऱ्या स्त्रियांच्या नावागावासह लोकांपुढे आहे, आणि ते तसेच असणे न्याय्य आहे.

संग्रह मोठा असून घरात सांभाळणे कठीण असेल, तर १९८२ साली पुण्यात सुरू झालेले आणि आता गुरुग्राम येथे असलेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीत-अभिलेखागार अशा संग्रहांचा ठेवा लेखी करारावर स्वीकारते. करार करताना तीन गोष्टी त्यात असल्याची खातरजमा करावी : उतरवून घेतलेल्या फाईलची एक प्रत तुम्हांस विनामूल्य मिळावी, प्रसिद्धीपूर्वी तुमची परवानगी लागावी, आणि गाणाऱ्यांची नावे तुम्ही दिलेल्या नोंदीप्रमाणेच दप्तरी दाखल व्हावीत. यासाठी आरंभी केलेली ती वही सोबत जोडा.